विश्लेषण : जुन्या शिकारी रायफलींना कोटींचा भाव देणारे ब्राउनिंग ठाण्याच्या इतिहासात कसे आले?

अमेरिकेत २०१६ मध्ये एका लिलावात १८८६ सालची एक विंचेस्टर रायफल १२ लाख ६५ हजार डॉलरला विकली गेली. त्या वेळच्या दराने ही रक्कम आठ कोटी रुपयांहून अधिक होते. रायफल सोन्याची नव्हती की हिऱ्यांनी मढवलेली नव्हती. तिच्यावर १ हा क्रमांक होता आणि ती कोणाच्या हातून कोणाकडे गेली, हे तिच्यावरच कोरलेले होते. जुन्या लिव्हर-अ‍ॅक्शन शिकारी रायफली जमवणाऱ्यांच्या जगात अशा लेखी मालकीलाच किंमत असते. या रायफलीची रचना जॉन मोझेस ब्राउनिंग यांची. २६ नोव्हेंबर २०२६ रोजी त्यांच्या मृत्यूला १०० वर्षे पूर्ण होत आहेत. महाराष्ट्रात त्यांचे नाव रायफलीपेक्षा पिस्तुलामुळे अधिक परिचित आहे आणि त्या पिस्तुलाची हकीकत ठाण्याच्या कारागृहापाशी येऊन थांबते.

कोण होते ब्राउनिंग?

जॉन ब्राउनिंग यांचा जन्म २३ जानेवारी १८५५ रोजी अमेरिकेतील युटा प्रांतातल्या ऑग्डेन या गावी झाला. वडील जोनाथन हे बंदुका बनवणारे आणि दुरुस्त करणारे कारागीर होते. मॉर्मन पंथाचे अनुयायी असल्याने इतर पंथीयांबरोबर स्थलांतर करत ते १८५२ मध्ये युटात पोहोचले होते. तीन बायका आणि २२ मुले असा त्यांचा संसार. दुकानात बंदुकांबरोबर शेतीची अवजारे, भांडी, जे येईल ते दुरुस्त होई. जॉन यांचे खरे शिक्षण तिथेच झाले. शाळेत ते फार काळ नव्हते. अभियांत्रिकीचे पुस्तकी शिक्षण तर अजिबात नाही. दहाव्या वर्षी त्यांनी दुकानातल्या भंगारातून एक ओबडधोबड बंदूक जुळवली आणि धाकटा भाऊ मॅट याला घेऊन माळरानावर पक्ष्यांच्या शिकारीला गेले, अशी कुटुंबातली आठवण आहे.

वडील १८७९ मध्ये वारले. त्याच वर्षी जॉन यांचे लग्न झाले आणि त्याच वर्षी ७ ऑक्टोबरला त्यांना पहिले पेटंट मिळाले. ते एका वेळी एकच काडतूस भरायच्या साध्या रायफलीचे होते. भावांनी मिळून ऑग्डेनमध्ये छोटा कारखाना थाटला. सगळे मिळून दिवसाला दोन-तीन रायफली तयार होत. बंदूक उत्तम, मागणी भरपूर, पण हात अपुरे. कल्याण-डोंबिवलीतल्या अनेक कुटुंबांनी अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत किंवा एमआयडीसीतल्या वर्कशॉपमध्ये आयुष्य काढले आहे. नमुना करणे वेगळे आणि तोच नमुना मापात न चुकता हजार वेळा काढणे वेगळे, हे त्यांना सांगावे लागत नाही. ब्राउनिंग यांना पहिले काम मनापासून आवडे, दुसऱ्याचा कंटाळा होता. त्यांच्या पुढच्या आयुष्यातले बरेचसे व्यवहार याच एका स्वभावातून घडले.

विंचेस्टरशी संबंध कसा जुळला?

ऑग्डेनच्या कारखान्यातली एक वापरलेली रायफल १८८३ मध्ये विंचेस्टर कंपनीच्या एका फिरत्या विक्रेत्याच्या हाती लागली. त्याने ती कनेक्टिकट राज्यातील न्यू हेवनच्या मुख्यालयात पाठवली. विंचेस्टरचे कारभारी थॉमस बेनेट हे ती पाहून थेट ऑग्डेनला आले. देशातली नामांकित बंदूक कंपनी आणि समोर आडगावच्या दुकानात काम करणारी काही भावंडे, असा तो प्रसंग होता. आठ हजार डॉलरला सौदा ठरला आणि रायफलीचे सर्व हक्क विंचेस्टरकडे गेले. पुढे ती १८८५ ची विंचेस्टर म्हणून बाजारात आली.

या सौद्यापेक्षा त्या भेटीत निघालेला दुसरा विषय मोठा ठरला. एकामागून एक गोळ्या झाडणारी, पण मोठी शिकारी काडतुसे पेलणारी रायफल विंचेस्टरला हवी होती. ब्राउनिंग यांच्या डोक्यात ती आधीच तयार होती.

लिव्हर-अ‍ॅक्शन म्हणजे नेमके काय?

या रायफलीत चापाभोवतीची कडी हीच हाताळायची लिव्हर असते. ती खाली-पुढे ढकलली की मागचा बोल्ट उघडतो, रिकामी पुंगळी बाहेर उडते, घोडा चढतो आणि नळीखालच्या नळकांड्यातले पुढचे काडतूस वर येते. लिव्हर पुन्हा वर ओढली की काडतूस नळीत बसते आणि बोल्ट बंद होतो. खांद्यावरून दस्ता न काढता हे सारे करता येते. ठासणीच्या बंदुकीत दारू, गोळी आणि गज सांभाळणाऱ्या शिकाऱ्याला हा बदल केवढा वाटला असेल, याची कल्पना करता येते.

ही कल्पना ब्राउनिंग यांची नव्हे. १८६० ची हेन्री रायफल आणि १८७३ ची विंचेस्टर त्यांच्या आधीच्या. पण त्या जुन्या रचनेत बोल्ट बिजागरीसारख्या सांध्यांच्या आधारावर बंद राहत असे. पिस्तुलाच्या ताकदीची काडतुसे त्यात चालत. अस्वल किंवा रानरेडा पाडणारी मोठी काडतुसे त्या सांध्याला झेपत नसत. ब्राउनिंग यांनी बोल्टच्या दोन्ही बाजूंना उभ्या सरकणाऱ्या पोलादी पट्ट्या दिल्या. लिव्हर वर आली की या पट्ट्या कडीसारख्या बसतात आणि सगळा दणका पोलादाच्या चौकटीवर जातो. ऐकायला क्षुल्लक वाटते, पण १८८६ ची विंचेस्टर यावरच उभी राहिली.

नंतर १८९२ चे लहान, हलके मॉडेल आले. ते ठरावीक मुदतीत द्यावे, जितके लवकर तितके पैसे जास्त, असा प्रस्ताव बेनेट यांनी ठेवला तेव्हा ब्राउनिंग यांनी ३० दिवसांत देतो, नाही जमले तर फुकट, अशी उलट अट घातली आणि ती पाळली, असे त्यांच्या चरित्रांत नोंदले आहे. १८९४ चे मॉडेल सर्वांत लोकप्रिय ठरले. धूररहित दारूच्या काडतुसांना पेलणाऱ्या या रायफलीच्या ७० लाखांहून अधिक प्रती निघाल्या. दहा लाखावी प्रत १९२७ मध्ये राष्ट्राध्यक्ष कॅल्विन कूलिज यांना, पंधरा लाखावी १९४८ मध्ये हॅरी ट्रुमन यांना आणि वीस लाखावी १९५३ मध्ये आयसेनहॉवर यांना भेट दिली गेली. १८९५ च्या मॉडेलमध्ये नळीखालचे नळकांडे जाऊन चापापुढे पेटी आली. नळकांड्यात एका काडतुसाचे टोक पुढच्याच्या बुडावर टेकते. टोकदार गोळी असेल तर धोका. पेटीने तो प्रश्न सुटला. पहिल्या महायुद्धात झारच्या रशियाने या मॉडेलच्या सुमारे तीन लाख रायफली घेतल्या.

मग या रायफली विंचेस्टरच्या नावाने का ओळखल्या जातात?

कारण ब्राउनिंग यांनी त्या विकल्या होत्या. रोख रक्कम घ्यायची, हक्क सोडायचे आणि पुढच्या कामाला लागायचे, ही त्यांची सुमारे १९ वर्षांची पद्धत. या काळात विंचेस्टरने त्यांच्या ४४ रचना विकत घेतल्या, असे सांगितले जाते. त्यांतल्या जेमतेम दहा प्रत्यक्ष बनवल्या. उरलेल्या प्रतिस्पर्ध्याच्या हाती लागू नयेत म्हणून कपाटात गेल्या. यात ब्राउनिंग यांना वाईट वाटले असावे असे मानायला फारसा आधार नाही. पैसे वेळेवर मिळत होते आणि कारखाना चालवायची कटकट नव्हती. १८८७ मध्ये ते पंथाच्या प्रचारासाठी दोन वर्षे जॉर्जियात गेले. तिथे एका दुकानाच्या काचेत त्यांना आपणच रचलेली नवी बंदूक दिसली. ती बाजारात आल्याचे त्यांना तोवर ठाऊक नव्हते.

गाडी अडली ती १९०२ मध्ये. आपोआप काडतूस भरणारी छऱ्याची बंदूक त्यांनी तयार केली. ही रचना प्रचंड खपणार हे ओळखून त्यांनी या वेळी एकरकमी पैशांऐवजी प्रत्येक बंदुकीमागे मानधन मागितले. बेनेट यांनी नकार दिला. ब्राउनिंग रेमिंग्टन कंपनीकडे गेले. प्रमुख मार्सेलस हार्टली यांची वाट पाहत ते कार्यालयात बसले असतानाच हार्टली यांचे निधन झाल्याची बातमी आली. शेवटी नमुना घेऊन ते बेल्जियमला निघाले. लिएजजवळच्या हर्स्टाल येथील एफएन या कारखान्याशी त्यांचा पिस्तुलांचा करार आधीच झाला होता. तिथे बंदूकही स्वीकारली गेली आणि त्यांचे नावही. विंचेस्टरने जे नाव कधी ठळक छापले नाही, ते युरोपात इतके रुळले की फ्रेंच भाषेत ब्राउनिंग हा शब्द पिस्तुलासाठीच वापरला जाऊ लागला.

नाशिक आणि ठाण्याशी संबंध काय?

१९०९ या एकाच वर्षात ब्राउनिंग यांच्या दोन रचना दोन खंडांत, अगदी निराळ्या हातांत होत्या. राष्ट्राध्यक्षपदावरून नुकतेच उतरलेले थिओडोर रूझवेल्ट एप्रिलमध्ये पूर्व आफ्रिकेत मोंबासाला उतरले. स्मिथसोनियन संग्रहालयासाठी नमुने गोळा करणे हा या मोहिमेचा हेतू होता. मुलगा केर्मिट आणि त्यांनी मिळून पाचशेहून अधिक प्राणी टिपले. इंग्रज चाहत्यांनी भेट दिलेली भारी दुनळी सोबत होती. तरी सिंहासाठी त्यांचा भरवसा.४०५ बोअरच्या १८९५ च्या विंचेस्टरवर होता. त्यांच्या प्रवासवर्णनामुळे ही रायफल जगभर गाजली. आजही .४०५ ची जुनी विंचेस्टर संग्राहकांमध्ये रूझवेल्ट यांच्या नावावर भाव खाते.

त्याच वर्षाच्या सुरुवातीला लंडनमध्ये विनायक दामोदर सावरकर यांनी २० ब्राउनिंग पिस्तुले आणि काडतुसे मिळवली. इंडिया हाऊसमधील स्वयंपाकी चतुर्भुज अमीन भारतात परतत होता. त्याच्या पेटीच्या चोरकप्प्यातून ती मुंबईला आली. हिंदी माणसाला परवान्याशिवाय शस्त्र बाळगायला बंदी करणारा आणि युरोपियनांना त्यातून मोकळे ठेवणारा १८७८ चा शस्त्र कायदा तेव्हा लागू होता. जंगलात रायफल घेऊन फिरणारे बहुधा साहेब लोक किंवा संस्थानिकच असत, त्यामागे हे कारणही होते.

२१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात बदली होऊन निघालेले जिल्हाधिकारी जॅक्सन यांच्या सन्मानार्थ ‘शारदा’ नाटकाचा प्रयोग होता. तिथे अनंत कान्हेरे यांनी जॅक्सन यांच्यावर गोळ्या झाडल्या. वापरलेले पिस्तूल त्या विसांपैकी एक होते. कान्हेरे जेमतेम १८ वर्षांचे होते. कृष्णाजी गोपाळ कर्वे, विनायक नारायण देशपांडे आणि ते, अशा तिघांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या कारागृहात फाशी देण्यात आली. पोर्तुगीजांनी १७३० च्या दशकात बांधायला घेतलेला आणि १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकलेला ठाण्याचा किल्ला इंग्रजांनी तुरुंग केला होता. आजचे ठाणे मध्यवर्ती कारागृह ते हेच.

फाशीने हे प्रकरण संपले नाही. पिस्तूल आले कुठून, कोणी दिले, कोणत्या पेटीतून, याचा मागोवा तपास यंत्रणेने लंडनपर्यंत नेला. अमीन माफीचा साक्षीदार झाला. सावरकरांना एक जन्मठेप आधी झालीच होती. जॅक्सन हत्येला साहाय्य केल्याबद्दलची दुसरी जानेवारी १९११ मध्ये सुनावली गेली आणि तिचा मुख्य आधार पिस्तुलांचा हा प्रवास होता. अंदमानला नेण्यापूर्वी त्यांनाही काही काळ ठाण्याच्या याच तुरुंगात ठेवले होते. संग्राहक ज्या साखळीसाठी लाखो डॉलर मोजतो, तीच साखळी इथे फिर्यादी पक्षाने जुळवली. ब्राउनिंग यांना यातले काही कळले असल्याची नोंद नाही.

रायफलीची मालकी सिद्ध कशी होते?

पहिला आधार कारखान्याची वही. वायोमिंग राज्यातील कोडी येथील शस्त्र संग्रहालयात विंचेस्टरच्या जुन्या हस्तलिखित नोंदवह्या आहेत. रायफलीचा क्रमांक कळवून शुल्क भरले की संग्रहालय अधिकृत पत्र देते. बोअर कोणता, नळी गोल की अष्टकोनी, गोदामात कधी आली, कोणत्या दिवशी बाहेर पडली, दुरुस्तीला परत आली का, एवढे त्यात असते. हे पत्र विक्रीच्या वेळी रायफलीइतकेच महत्त्वाचे. नळी नंतर कापलेली, दस्ता बदललेला किंवा नक्षी मागाहून कोरलेली असेल तर पत्र आणि वस्तू यांचा मेळ बसत नाही आणि किंमत कोसळते. मात्र सर्व मॉडेलांच्या, सर्व वर्षांच्या वह्या उरलेल्या नाहीत.

आणि वहीत खरेदीदाराचे नाव सहसा नसते. नेवाडा राज्यातल्या ग्रेट बेसिन राष्ट्रीय उद्यानात नोव्हेंबर २०१४ मध्ये एका झाडाला टेकवून ठेवलेली १८७३ ची विंचेस्टर सापडली. लाकूड तडकलेले, दस्त्याचे बूड मातीत रुतलेले. १८८२ मध्ये ती कारखान्यातून निघाली, हे कोडीच्या वहीने सांगितले. कोणी ठेवली आणि न्यायला का परतला नाही, हे आजवर कळलेले नाही.

म्हणून कोरलेले नाव, पत्रव्यवहार, छायाचित्र, मृत्युपत्र, घराण्यातला वारसा असे पुरावे लागतात. लेखाच्या सुरुवातीची रायफल ही कॅप्टन हेन्री लॉटन यांची. अपाचे नेता जेरोनिमो याचा १८८६ मध्ये पाठलाग करणाऱ्या तुकडीचे ते प्रमुख होते. लेफ्टनंट अल्बी यांनी ती लॉटन यांना दिल्याचे तिच्यावर कोरलेले आहे. वर पहिला क्रमांक. संशयाला जागाच नाही. या लॉटन यांना १८९९ मध्ये फिलिपिन्समध्ये मरण आले. समोरच्या फौजेच्या सेनानीचे आडनाव जेरोनिमो होते.

उलट उदाहरण ब्राउनिंग यांच्याच पिस्तुलाचे आहे. १९१४ मध्ये साराजेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजांची हत्या झाली ती १९०० च्या मॉडेलने, असे अनेक वर्षे छापले गेले. प्रत्यक्षात ते १९१० चे मॉडेल होते. जेझुइट धर्मगुरूंकडे राहिलेले हे पिस्तूल २००४ मध्ये व्हिएन्नाच्या लष्करी संग्रहालयात आले आणि १९०७४ हा क्रमांक न्यायालयीन कागदांशी जुळला.

डोंबिवलीत कोणी असा संग्रह करू शकतो का?

अमेरिकेत १८९८ पर्यंत बनलेली बंदूक संघीय कायद्यानुसार पुरातन ठरते आणि तिच्या खरेदी-विक्रीवरची बरीच बंधने उरत नाहीत. भारतात वयाने सूट मिळत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यातून सुटते ती दुरुस्त करूनही झाडता येणार नाही अशी कालबाह्य किंवा पुरातन मूल्याची बंदूक. चालू स्थितीतली १८९४ ची विंचेस्टर ही कायद्याच्या नजरेत इतर कोणत्याही बंदुकीसारखीच. ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात परवाना ठाणे पोलीस आयुक्तालयाकडून घ्यावा लागतो आणि निवडणूक आली की शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच बंदुका ठेवता येतात, वारशाने आलेल्या धरूनही. आजोबांची दुनळी आणि काकांची रायफल मिळाली की कोटा संपला. .३०३ सारख्या लष्करी बोअरना तर सामान्य नागरिकाला परवानाच मिळत नाही आणि १८९५ ची विंचेस्टर त्या बोअरमध्येही निघत असे. शिकारीचा प्रश्न १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने निकालात काढला आहे.

त्यामुळे ज्या घरात माळ्यावर जुनी बंदूक आहे, तिथे वस्तूपेक्षा कागद आधी पाहिले पाहिजेत. जुना परवाना, खरेदीची पावती, वारस नोंद यांशिवाय ती ठेवणे हा गुन्हा ठरतो. कागद असतील तर तेच तिचा इतिहासही असतात. ते रद्दीत देऊ नयेत.

ब्राउनिंग यांची अखेर कशी झाली?

त्यांच्या नावावर १२८ पेटंटे जमा झाली. नळीतून निघणाऱ्या वाफेने समोरचे गवत वाकलेले पाहून ही वाया जाणारी शक्ती वापरता येईल, हे त्यांना १८८९ मध्ये सुचले आणि त्यातून मशीनगन आली. पहिल्या महायुद्धात त्यांनी आपल्या शस्त्रांचे हक्क अमेरिकी सरकारला साडेसात लाख डॉलरमध्ये दिले. मानधन घेतले असते तर याच्या कित्येक पट मिळाले असते. शिकारी रायफलींनी नाव न मिळवून दिलेल्या माणसाचे नाव युद्धांनी सर्वत्र नेले, हा त्यांच्या चरित्रातला न टाळता येणारा भाग आहे.

२६ नोव्हेंबर १९२६ रोजी लिएजच्या कारखान्यात, मुलगा व्हॅल याच्या कार्यालयात हृदयविकाराने त्यांचा मृत्यू झाला. ७१ वर्षांचे होते. एका नव्या पिस्तुलाचे काम अर्धवट होते. ते एफएनमधील सहकारी दियुदोने सेव्ह यांनी पुढे नेले आणि १९३५ मध्ये ते हाय-पॉवर या नावाने आले. त्याच रचनेचे ९ मिमी पिस्तूल पश्चिम बंगालमधील ईशापूरच्या सरकारी रायफल कारखान्यात बनते आणि भारतीय लष्कर व पोलीस ते वापरतात.